पलटण नसलेलं पदक: ग्वाल्हेरच्या एका घरातल्या खलाशाची हकिगत

ग्वाल्हेरच्या मराठी घरात जुनं युद्धपदक निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पलटण कोणती? दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे तळ दिला आणि त्या तळाचंच पुढे लष्कर शहर झालं. इथली कितीतरी घराणी शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आली. कंपू, शिंद्यांची छावणी ही आजही वस्त्यांची नावं आहेत. अशा गावात पदक म्हणजे शिपायाचंच असणार, हे कुणी तपासून बघत नाही.

आमच्या मंडळाने शहरातल्या मराठी कुटुंबांकडच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. फलकांचा मजकूर माझ्याकडे आला. जनकगंजातल्या एका कुटुंबाने पदकाच्या चौकटीचा फोटो पाठवला आणि सोबत चिठ्ठी जोडली. पदक पणजोबांचं, ते महाराजांच्या लान्सर्समध्ये, म्हणजे भालाईत घोडदळात होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले, पलटणीचा नेमका क्रमांक तेवढा शोधून द्यावा. हे सगळं कुटुंबाच्या संमतीनेच लिहितो आहे. नावं मात्र द्यायची नाहीत असं ठरलं. पदक ज्यांना मिळालं ते आबा. त्यांची नात, घरातल्या आता सर्वांत वडील, त्या माई. माईंचे पुतणे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, त्यांना मोहल्ल्यात सगळे दादा म्हणतात. चिठ्ठी दादांनीच लिहिली होती.

फोटोत राजा पंचम जॉर्जचं मस्तक दिसत होतं आणि खाली फितीचा एक विटका तुकडा. एवढ्यावरून पदक कोणतं ते ठरवता येत नाही, कारण त्या राजाचं मस्तक असलेली पदकं पुष्कळ आहेत. मी दादांना विचारलं की मागची बाजू कशी आहे. ते म्हणाले, ‘मागची बाजू कुणी बघितलीय? आजोबांनी चौकट करून घेतली तेव्हापासून ती भिंतीवरच आहे.’

माईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ती चौकट पालथी घातली. मागे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता. गंजलेल्या चुका दादांनी पक्कडीने एकेक करून ओढल्या. पुठ्ठा निघाला, त्याखाली पिवळा पडलेला कागद, त्याखाली पदक. माईंनी ते उचललं, पदराने पुसायला गेल्या, मी घाईने त्यांचा हात धरला. काशावर वर्षानुवर्षं चढलेला काळसर तपकिरी थर घासून काढायचा नसतो. मग त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, ही तर बोट आहे.’

बोटच होती. खवळलेल्या समुद्रातून पुढे येणारं वाफेचं व्यापारी जहाज, मागे शिडाचं गलबत, आणि पाण्यात बुडत चाललेली शत्रूची पाणबुडी. खाली इंग्रजीत मजकूर: युद्धसेवेसाठी, व्यापारी नौदल, 1914-1918. चौकटीत दडलेला फितीचा भाग उजेड न लागल्याने चांगला राहिला होता. एका बाजूला हिरवा पट्टा, दुसऱ्या बाजूला लाल, मध्ये पांढरी बारीक रेघ. रात्री चालणाऱ्या जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला लाल, डोलकाठीवर पांढरा. फितीचे रंग तिथून घेतलेले आहेत.

हे ब्रिटिश व्यापारी नौदलाचं युद्धपदक. व्यास 36 मिलिमीटर, धातू कासं. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेड या खात्याने ते 1919 मध्ये सुरू केलं. युद्धकाळात व्यापारी जहाजावर राहून धोक्याच्या पट्ट्यातून किमान एक सफर केलेल्या माणसाला ते मिळे. सगळी मिळून 1,33,000 च्या आसपास पदकं दिली गेली.

आता कड. सैनिकाच्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. खलाशाच्या या पदकावर नुसतं नाव असतं. जहाज नाही, हुद्दा नाही, क्रमांक नाही. भिंग लावून आम्ही कड वाचली. रोमन लिपीतल्या ठसठशीत अक्षरांत दोन शब्द होते. पहिलं आबांचं नाव, हे सगळ्यांनी ओळखलं. दुसरा शब्द घराण्याचं आडनाव नव्हता. दादांचा चेहरा उतरला. ‘म्हणजे हे आमचं पदक नाहीच की काय? कुणाचं तरी आमच्याकडे आलं?’

माई शांतपणे म्हणाल्या, ‘ते आबांच्या वडिलांचं नाव आहे.’

त्या काळातल्या मुंबई बंदरावरच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. कोकणातून बोटीवर भरती होणारा माणूस आपलं नाव आणि बापाचं नाव सांगे, कारकून ते कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिही. आडनाव विचारलं तर काहीजण गावाचं नाव सांगत, पुष्कळजण काहीच सांगत नसत. या कुटुंबाचं आजचं ‘कर’ लावलेलं आडनाव ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत आल्यावर कायम झालं. पण माईंच्या स्मरणावर फलक लिहिता येत नाही. आबा आणि हे दोन शब्द एकाच माणसाचे, याला कागदाचा आधार हवा होता.

इथे एक खुलासा करतो, कारण तो इतरांनाही उपयोगी पडेल. दादांनी मागे पदकाचा फोटो सराफ्यात दाखवला होता तेव्हा तिथे त्यांना सांगितलं गेलं की काशाचं पदक म्हणजे हमालांचं, खऱ्या शिपायाला चांदीचं मिळे. यात अर्धं खरं आहे. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक चांदीचं होतं, आणि मजूर तुकड्यांना, ज्यात भारतीय मजूरही होते, तेच पदक काशात दिलं गेलं. पण त्या पदकाच्या मागे घोडेस्वार असतो. मागे बोट असलेलं पदक सगळ्यांनाच काशाचं मिळालं, कप्तानापासून खलाशापर्यंत. या पदकात हुद्द्याप्रमाणे धातू बदलला नाही. तेव्हा काशावरून कमीपणा मानायचं कारण नाही.

घरातल्या खुणा

ही हकिगत इथवर आल्यावर माझी खात्री होती की आबा समुद्रावरचे होते. पण एका लष्करी गावातल्या घराने शंभर वर्षं ते कसं काय विसरावं, हा प्रश्न मला सतावत होता. माईंशी बोलत बसल्यावर कळलं की घर विसरलं नव्हतं. आठवणी होत्या, त्यांना नाव तेवढं नव्हतं.

ग्वाल्हेरात श्रावणातली पौर्णिमा म्हणजे राखी. सगळं शहर राखीच्या गडबडीत असतं. हे कुटुंब मात्र त्या दिवशी सकाळी सागरतालावर जाऊन पाण्यात नारळ सोडतं. का, असं विचारलं तर ‘आमच्यात पद्धत आहे’. समुद्रापासून इतक्या दूर नारळी पौर्णिमा पाळणारं घर लान्सरांचं कसं, हे कुणाच्या मनात आलं नाही. दुसरं, सर्वपित्रीला या घरी एक पिंड जास्त ठेवतात. मृत्यूची तिथी माहीत नसलेल्याचं श्राद्ध त्या दिवशी करतात हे आपण जाणतोच. माईंच्या आजी त्या पिंडाला ‘पाण्यातले काका’ म्हणत. हे काका कोण, ते माईंनाही ठाऊक नव्हतं.

तिसरी वस्तू त्यांनी स्वतःहून काढून दाखवली. तळहाताला बांधायचा चामड्याचा जाड पट्टा, अंगठ्यासाठी भोक, आणि अंगठ्याच्या बुडाशी येईल अशी लोखंडी खाचखळग्यांची चकती. घरात तिला खोगीर शिवायचं साधन समजत आणि आबा घोडदळात होते याचा पुरावा म्हणून पाहुण्यांना दाखवत. अशी चकती शिडाचं जाड कापड शिवणारे वापरतात. सुई मागून रेटताना तिचं बूड त्या खळग्यात बसतं. पण चामड्याचं काम करणाऱ्यांकडेही अशाच धर्तीचं साधन असतं, म्हणून ती वस्तू मी पुराव्यात धरली नाही.

पुरावा निघाला तो पत्रिकांच्या डब्यातून. हात-दीड हात लांबीची टिनाची गोल नळी, एका टोकाला झाकण. घरातल्या सगळ्यांच्या जन्मपत्रिका गुंडाळून त्यात ठेवलेल्या. रत्नागिरीकडच्या कुणीही ती बघताक्षणी ओळखली असती. खलाशाचे दाखले पाण्यापासून वाचावेत म्हणून अशाच टिनाच्या नळीत ठेवत, आणि पुढे दाखल्याचं पुस्तक आलं तरी त्यालाही कोकणात नळीच म्हणत राहिले. पत्रिका एकेक करून बाहेर काढल्या. सर्वांत बाहेरच्या वेटोळ्यात, टिनाला चिकटून, तीन छापील दाखले होते. त्यांच्या पोटात एक मोडीतलं पत्र.

दाखल्यांवर आबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव होतं, कडेवर होतं त्याच स्पेलिंगात. शिवाय गावाचं नाव, दापोली तालुक्यातलं एक बंदर. हुद्दा खलाशी, तिसऱ्या दाखल्यावर तांडेल, म्हणजे खलाशांवरचा मुकादम. वर्तणूक फार चांगली. पहिला दाखला पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीचा. उरलेल्या दोन्हींवर जहाजाचं नाव: लॉयल्टी.

महाराजांचं जहाज

लॉयल्टीचं नाव ग्वाल्हेरच्या माणसाला माहीत असायला हवं, आणि आहे फार थोड्यांना. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया हे 5,905 टनांचं प्रवासी जहाज इंग्लंडमध्ये बॅरो इथे बांधलं आणि 1891 पासून कॅनडा ते चीन-जपान असं पॅसिफिक महासागरात चाललं. युद्ध सुरू झालं तेव्हा, 1914 मध्ये, ते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतलं. जखमी आणि आजारी भारतीय सैनिकांसाठी त्याचं इस्पितळ केलं आणि 1915 च्या जानेवारीत त्याला लॉयल्टी हे नाव दिलं. माधवरावांची ही पहिली वेळ नव्हती. 1900 च्या चीन मोहिमेतही त्यांनी इस्पितळ-जहाज दिलं होतं, त्याचं नाव ग्वाल्हेरच होतं.

म्हणजे ‘आबा महाराजांच्या चाकरीत युद्धावर गेले’ हे घरातलं वाक्य अक्षरशः खरं होतं. महाराज, युद्ध, पदक या तीन गोष्टी पुढच्या पिढीच्या हाती आल्या, आणि लष्कर शहरात राहणाऱ्या माणसाने त्यांची बेरीज लान्सर्स अशी केली. दुसरी बेरीज त्याला सुचणार तरी कशी? ग्वाल्हेरचं पायदळ 1915 मध्ये सुवेझ कालव्याच्या रक्षणाला होतं, इथल्या कितीतरी घरांत त्या पलटणींच्या कथा आहेत. खलाशांच्या कथा सांगणारं दुसरं घरच आसपास नव्हतं. ‘फ्रान्सला गेले’ हेही उगीच नसावं. पी अँड ओच्या टपालबोटी मार्सेलिसला थांबत.

लॉयल्टीचं पुढचं आयुष्य तर शाळेच्या पुस्तकात असायला हवं. युद्ध संपल्यावर, 1919 च्या मार्चमध्ये, उद्योगपती वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली, आणि शिंद्यांचं जहाज म्हणून कंपनीला नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. त्या सफरीच्या स्मरणार्थ 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. जहाज मात्र थकलेलं होतं, 1923 मध्ये ते मोडीत निघालं. हे सांगितल्यावर दादांचे डोळे चमकले. ‘मग पणजोबा त्या पहिल्या सफरीवर असतीलच!’ दाखला सांगतो की नव्हते. जहाज विकलं जाण्याआधीच आबांनी लॉयल्टी सोडली होती. फलकावर ती ओळ गेली नाही.

पदक नेमकं कोणत्या बोटीवरच्या सफरीमुळे मिळालं, हे पदकावरून ठरत नाही, कारण कडेवर जहाजच नसतं. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात या पदकांची कार्डं आहेत. 1915 सालच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात जपल्या गेल्या आणि त्या ऑनलाइनही बघता येतात. ज्यांच्या घरात असं पदक आहे त्यांना मी सांगेन की तिथे जाण्याआधी घरातले डबे, ट्रंका, पत्रिका, देवघरातल्या पोथ्यांची वेष्टनं बघा. एकाच नावाची आणि एकाच बापाच्या नावाची अनेक माणसं त्या याद्यांत सापडतात. गावाचं नाव हाती असेल तरच आपला माणूस वेगळा काढता येतो.

गावाकडून जमिनीचा फेरफार आला तेव्हा साखळी पूर्ण झाली. दापोलीत या कुटुंबाचे भाऊबंद अजून आहेत, लग्नपत्रिकांपुरता संबंध उरला होता. त्यांच्याकडे सामाईक जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल होती. त्यात आबांचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे शेरा, राहणार ग्वाल्हेर. पदकाची कड, दाखला आणि फेरफार, तिन्हींत तीच दोन नावं. दादांनी ते कागद एकाशेजारी एक मांडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘म्हणजे ते लढले नाहीत’

दादांच्या मनात जे होतं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. ‘साहेब, तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. पण खलाशी म्हणजे बोटीवरचा नोकर. म्हणजे ते लढले नाहीत. एवढी वर्षं आम्ही मुलांना सांगितलं की पणजोबा सैनिक होते.’ आयुष्य सैन्यात काढलेल्या माणसाचं हे म्हणणं हलक्याने घेण्यासारखं नव्हतं. त्यांना जे उत्तर दिलं ते इथे सविस्तर देतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

1914 मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर 50,000 हून अधिक लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी होते, बहुतेक आपल्याकडचे. सरासरी दर सहा माणसांत एक. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार काही पटींनी कमी, झोपायची जागाही कायद्यानेच कमी ठरवलेली. मुंबईत गावकीच्या खोलीवर पथारी टाकून बोटीची वाट बघायची, सारंगाची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याची मर्जी सांभाळायची, मर्जीचा भाव पहिल्या पगारातून चुकवायचा. हे शांततेच्या काळातलं. युद्धात या माणसांच्या हाती बंदूक नव्हती. शत्रू पाण्याखालून यायचा, तोही न सांगता.

30 डिसेंबर 1915 ला पी अँड ओचं पर्शिया हे जहाज क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. बोटीवर 519 माणसं होती, त्यांतली 343 गेली, आणि त्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. मुंबईजवळचा समुद्रही सुरक्षित नव्हता. वुल्फ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगावर आदळून पी अँड ओचं मंगोलिया 23 जून 1917 ला मुंबईच्या दक्षिणेला बुडालं, म्हणजे आबांच्या घरच्या किनाऱ्याच्याच बाजूला. आणि इस्पितळ-जहाजाला अभय होतं म्हणावं, तर तेही नाही. पांढरा रंग, कडेने हिरवा पट्टा, लाल क्रॉस आणि रात्री ते दिसावेत म्हणून दिवे, अशी ती जहाजं लांबून ओळखू येत. तरी मे 1917 मध्ये डोव्हर कॅसल हे इस्पितळ-जहाज भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवलंच. त्या युद्धात मेलेल्या लस्करांचा आकडा सुमारे 3,400 सांगितला जातो.

खाली उतरून खंदकात जाता येत नाही, पळून जायला जमीन नाही, आणि सफर संपली की तोच माणूस पुन्हा मुंबईला येऊन दुसऱ्या बोटीवर अंगठा उठवतो. आबांनी तीनदा तसा उठवला, दाखले साक्षीला आहेत. मी दादांना म्हटलं, तुमच्या पलटणीला जो दाणागोटा, जी औषधं, जी गोळी मिळाली, ती याच माणसांनी पोचवली. जखमी शिपायाला स्ट्रेचरवरून डेकवर घेणारे हात आबांचे असतील. त्याला नोकरी म्हणायचं तर म्हणा, पण तिचा मान कमी धरू नका. दादा म्हणाले, ‘विचार करतो.’

पाण्यातले काका

मोडी पत्र आबांच्या थोरल्या भावाने गावाहून कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मजकूर थोडा आहे. घरची खुशाली, पावसाने खचलेली पडवी, आणि मग एक बातमी. चुलत भाऊ ज्या बोटीवर होता ती बुडाल्याचं मुंबईच्या खोलीवरून कळलं, काकी अजून कुंकू पुसायला तयार नाही, तू शिपिंगच्या कचेरीत चौकशी कर. बोटीचं नाव पत्रात नाही.

सर्वपित्रीचा तो जादा पिंड याचाच. माईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पत्र पुन्हा वाचायला सांगितलं, आणि ‘काकी’ शब्दावर थांबवून म्हणाल्या, ‘त्या बाईंचं पुढे काय झालं ते विचारा हो गावात.’ दापोलीहून उत्तर आलं की त्या म्हातारपणापर्यंत कुंकू लावत होत्या. समुद्र हीच ज्यांची कबर, अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दादांनी तिथे जाऊन नाव शोधायचं मनावर घेतलं आहे.

चांदीचं काय झालं

ज्यांना हे काशाचं पदक मिळालं त्यांना चांदीचं ब्रिटिश युद्धपदकही मिळे. म्हणजे या घरात आणखी एक पदक असायला हवं होतं. विचारल्यावर माई हसल्या. ‘घोड्याचा मोठा रुपया? तो मी बघितला नाही, पण आईकडून ऐकलंय.’ माईंच्या वडिलांच्या बारशाला आबांनी तो सोनाराला देऊन बाळाचे वाळे करून घेतले. ते वाळे पुढे घरातल्या प्रत्येक मुलाच्या पायात होते, दादांच्याही. आत्ता ते माईंच्या कपाटात आहेत, एकाचे घुंगरू पडलेले. चांदीची अशी पदकं सगळीकडेच मोठ्या संख्येने वितळली. काशाला सराफ्यात भाव नव्हता म्हणून ते राहिलं.

बाकीचं आयुष्य कागदांवर आणि माईंच्या बोलण्यावर उभं आहे. शिवपुरी ही माधवरावांची उन्हाळी राजधानी. तिथे 1918 मध्ये सख्यासागर तलाव झाला, त्यावर दरबारी नावा आल्या. नावांना पाण्यातला माणूस हवा होता. नेमणुकीच्या कागदावर आबांचा हुद्दा नावाडी आहे, आणि त्यांचं आजचं आडनाव पहिल्यांदा दिसतं ते याच कागदावर. माधवराव 1925 मध्ये पॅरिसला वारले. त्यानंतर काही वर्षांनी आबांची बदली लष्करला फर्राशखान्यात झाली, म्हणजे तंबू, कनाती, दोरखंड यांच्या खात्यात. कापड शिवणं आणि गाठी मारणं हे त्यांचं जन्माचं काम, तेव्हा बदली योग्य जागीच झाली. ग्वाल्हेर 1948 मध्ये मध्यभारतात विलीन झालं तोवर ते पेन्शनीत निघाले होते.

माईंना ते आठवतात ते अंगणातल्या बाजेवर, सुतळीची गाठ शिकवताना. एका हाताने मारायची गाठ होती, माईंनी ती मला मारून दाखवली. ऐंशी ओलांडलेल्या बाईंची बोटं क्षणभरही अडली नाहीत. युद्धाबद्दल आबा बोलत नसत. रात्री पाऊस-वारा सुरू झाला की उठून अंगणातल्या प्रत्येक दोरीची गाठ तपासत.

फलक

प्रदर्शनात सैनिकांच्या वस्तूंसाठी एक दालन ठेवलं होतं आणि आयोजकांचा आग्रह होता की युद्धपदक म्हणून हेही तिथेच लागावं. माझा विरोध होता. दादा काय म्हणतात ते बघू असं ठरलं, आणि त्यांनीच निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की आपण स्वतः पलटणीत होतो म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या पलटणीत उभं राहणं बरं दिसत नाही, पणजोबांना त्यांचं वेगळं टेबल द्या. पाटणकर बाजारातून त्यांनी दोन्ही बाजूंनी काच असलेली चौकट करून आणली, म्हणजे राजाही दिसतो आणि बोटही. फितीचा नवा तुकडा मिळत होता, तो घेतला नाही. जुनाच राहू दिला.

मजकूर पुढीलप्रमाणे लागला. ‘व्यापारी जहाजावरील खलाशी, पुढे तांडेल. मूळ गाव दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी. पी अँड ओ कंपनीच्या बोटीवर व ग्वाल्हेरच्या लॉयल्टी या इस्पितळ-जहाजावर सेवा. व्यापारी नौदलाचे युद्धपदक, 1914-1918. पदकाच्या कडेवर स्वतःचे व वडिलांचे नाव. नंतर शिवपुरी व लष्कर येथे दरबारची नोकरी.’ दादांनी शेवटी एक ओळ घालायला लावली: ‘याच घरातील एक भाऊ समुद्रातून परतले नाहीत.’

फलकाचा फोटो दापोलीच्या भाऊबंदांनी गावच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून त्या बंदरातल्या इतर घरांतून नळ्या उघडल्या जात आहेत आणि दाखल्यांचे फोटो येत आहेत. त्यातल्या एका दाखल्यावर लॉयल्टीचं नाव आहे, हुद्दा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. त्या घरी कासंही नाही आणि चांदीही नाही. त्यांचं पदक मिळालं होतं की मुंबईच्या कचेरीतच पडून राहिलं, ते आता शोधायला घेतलं आहे.